काचेचं की जाळीचं? नवीन पीसीला कॅबिनेट कोणतं घेऊ?

तुम्ही लिहिलंय की जळगावला राहता, रायझेन ५ ७६०० प्रोसेसर, बी६५० चिपसेटचा मायक्रो एटीएक्स (लहान मापाचा) मदरबोर्ड आणि आरटीएक्स ४०६० ग्राफिक्स कार्ड घेताय, कॅबिनेटसाठी चार-पाच हजार बाजूला ठेवलेत, आणि दुकानदार म्हणतोय की पुढून-बाजूने पूर्ण काचेचं, सात लाइटवाले फॅन असलेलं कॅबिनेट घ्या, एसएमपीएस (सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा) त्यातच फुकट येतो. माझं सरळ उत्तर, ते नका घेऊ. पुढून जाळी असलेलं घ्या, तीन बरे फॅन पुरेत, आणि एसएमपीएस वेगळा घ्या. मी पुण्यात मित्रांचे, ऑफिसातल्या लोकांचे पीसी असेंबल करून देतो आणि दर उन्हाळ्यात "गेम खेळताना अडकतोय" म्हणून जी मशीनं माझ्याकडे येतात त्यातल्या बहुतेकांचं दुखणं एकच असतं, आत गार हवा यायला वाटच ठेवलेली नसते.

आधी उन्हाळ्याचा हिशोब बघा. फॅन कितीही लावा, खोलीतल्या हवेपेक्षा गार तो काही करू शकत नाही. तुमच्याकडे मे महिन्यात बाहेर ४४-४५ असतं, दुपारी खोलीत ३८-४० सहज असणार. समजा चांगल्या कॅबिनेटमध्ये जड काम चालू असताना प्रोसेसर खोलीपेक्षा ४५ अंशांनी वर जातो. मग पुण्यात डिसेंबरच्या रात्री, खोली २० अंशांवर असताना तो ६५ ला असेल आणि तुमच्याकडे मे महिन्यात ८५ ला. ७६०० ची मर्यादा ९५ आहे, तिथे पोचला की तो स्वतःहून स्पीड कमी करतो. म्हणजे तुमच्या हातात उरले दहा अंश, आणि पुढची बंद काच तेवढे दहा अंश आरामात खाऊ शकते, कारण फॅन काचेच्या पाठीमागे बसलेला असतो आणि हवा ओढायला त्याला कडेची बोटभर फट तेवढी मिळते.

बाजूच्या काचेला माझी हरकत नाही, आतलं दिसतं, छान वाटतं, घ्या खुशाल. पुढचीच नको. आता कुणी म्हणेल की लियान ली कंपनीचं ओ११ डायनॅमिक कॅबिनेट २०१८ पासून इतकं चालतंय, त्याला पण पुढे काच आहे. आहे ना, पण त्यात हवा खालून आणि बाजूने घेतात, तिथे फॅनची नीट सोय आहे, आणि ते सगळे फॅन आपले आपण विकत घ्यायचे असतात. चार-पाच हजारात तो प्रकार बसवायला गेलं की काच मिळते आणि हवेची सोय राहून जाते.

दुकानात गेलात की पुढचं पॅनल काढायला सांगा. बहुतेक पॅनल नुसतं खालून ओढलं की निघतं. ते हातात घ्या आणि मागून मोबाइलचा टॉर्च लावा, सगळीकडून ठिपक्या-ठिपक्यांनी उजेड आला तर जाळी खरी. काही कॅबिनेटला जाळीचं नुसतं डिझाइन असतं आणि मागे प्लॅस्टिकची बंद शीट, ते टॉर्च लावल्याबरोबर कळतं. मग बघा की आतला डस्ट फिल्टर वेगळा निघतो का, कारण तुमच्याकडे तो दर महिन्याला नाहीतर दोन महिन्यांनी काढून नळाखाली धुवावा लागणार आहे. एसएमपीएसच्या खालचा फिल्टर मागून किंवा बाजूने सरकून बाहेर येतो का ते पण बघा, काही ठिकाणी तो काढायला आख्खं कॅबिनेट आडवं करावं लागतं आणि मग कोणीही ते करत नाही, वर्षभरात त्यावर धुळीचा जाड थर बसतो. पायांची उंचीही बघून घ्या, तळ आणि टेबल यात निदान दोन सेंटिमीटर मोकळे हवेत.

सात फॅन ऐकायला भारी वाटतं. पण ४०६० ला लागतात ११५ वॉट, ७६०० जास्तीत जास्त ८८ वॉट ओढतो, बोर्ड, रॅम, एसएसडी, फॅन सगळं धरून अडीचशेच्या आसपास. एवढी उष्णता बाहेर काढायला पुढून आत घेणारे दोन, १२० किंवा १४० मिमीचे, आणि मागून बाहेर टाकणारा एक १२० चा, बास. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवायची, म्हणजे आत जरा दाब राहतो आणि फटींमधून हवा बाहेर पडते. उलट केलं, वर-मागे बाहेर टाकणारे चार आणि पुढे एक, तर कॅबिनेट प्रत्येक फटीतून, प्रत्येक भोकातून धूळ आत खेचत बसतं, फिल्टर असून नसल्यासारखाच. फॅन कुठल्या दिशेला हवा टाकतो ते ओळखायला सोपं आहे, ज्या बाजूने पाती मोकळी दिसतात तिकडून हवा आत शिरते आणि मोटर धरणारी प्लॅस्टिकची चौकट असते तिकडून बाहेर पडते.

फॅनची वायर मात्र नक्की तपासा, हे कोणी सांगत नाही. स्वस्त कॅबिनेटमधले फॅन बऱ्याचदा मोलेक्सवर असतात, म्हणजे तो चार जाड पिनांचा कनेक्टर जो थेट एसएमपीएसला लागतो. त्यावर फॅन कायम फुल स्पीडवर, रात्री खोलीत नुसती घरघर, आणि बोर्डाला तो हळू करताच येत नाही. तीन किंवा चार बारीक पिनांचे फॅन असतील तर ते बोर्डावर लागतात आणि बायोसमधून, म्हणजे बोर्डाच्या सेटिंगमधून, स्पीड सेट करता येतो. लाइटचं कनेक्शन वेगळं असतं, ५ व्होल्टचं तीन पिनवालं एआरजीबी आणि १२ व्होल्टचं चार पिनवालं साधं आरजीबी, यात गल्लत करू देऊ नका, ५ वालं १२ वर लागलं की लाइट जळतात.

आता फुकटचा एसएमपीएस. याच्यावर मी जरा जास्त बोलतो कारण यात पैसे वाचत नाहीत, उलट पुढे जास्त जातात. त्याचं लेबल वाचा. वर मोठ्या अक्षरात ४५० वॉट लिहिलेलं असतं, पण खाली तक्ता असतो त्यात १२ व्होल्टच्या रकान्यात किती अँपिअर ते बघा. तिथे १६ लिहिलं असेल तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॉट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही १२ व्होल्टवरच चालतात आणि दोघांचंच मिळून तुमचं २०० च्या वर जातंय. शिवाय कार्डाला लागणारा ८ पिनांचा कनेक्टर त्यात बहुधा नसतोच, मग दुकानदार मोलेक्सवरून जोडणारं कन्व्हर्टर लावून देतो, ते अजिबात चालवून घेऊ नका. चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा, निदान ब्रॉन्झ रेटिंगचा (वीज कमी वाया घालवणारा) वेगळा घ्या, त्यासाठी कॅबिनेटमधले हजार रुपये कमी करावे लागले तरी करा.

मापांचं फार टेन्शन घेऊ नका, तीनच गोष्टी जुळवा. मायक्रो एटीएक्स बोर्ड २४४ बाय २४४ मिमीचा असतो, तो मोठ्या एटीएक्स कॅबिनेटमध्येही बसतो, उलटं, म्हणजे मोठा एटीएक्स बोर्ड छोट्या कॅबिनेटमध्ये, होत नाही. ४०६० चं दोन फॅनचं कार्ड २५० मिमीच्या आत येतं, तीन फॅनवालं घेतलंत तर ३०० च्या वर जाऊ शकतं, तेव्हा कॅबिनेटच्या पेटीवर कार्डाची जागा ३३० च्या वर लिहिलेली असली म्हणजे पुढे कार्ड बदललं तरी चिंता नाही. प्रोसेसरवर बसणाऱ्या कूलरची उंची बघा, ७६०० सोबत येणारा छोटा कूलर कुठेही बसतो पण जळगावात मी तो ठेवणार नाही, डीपकूलचा एके४०० सारखा टॉवर कूलर लावेन आणि तो १५५ मिमी उंच आहे, अरुंद कॅबिनेटची काच त्यावर बसणारच नाही. १६० च्या वर जागा हवी.

आणि या सगळ्याच्या आधी तुमचं टेबल मोजा. आपल्याकडच्या कॉम्प्युटर टेबलांना तो सीपीयू ठेवायचा कप्पा असतो ना, मागून प्लायवूड लावून बंद केलेला, तो जुन्या अरुंद कॅबिनेटच्या हिशोबाने बनवलेला असतो. आजची बरीच कॅबिनेटं २१०-२३० मिमी रुंद आणि ४५० च्या पुढे उंच असतात. बसलं तरी आत ठेवू नका, मागून बाहेर पडलेली गरम हवा तिथेच फिरून पुन्हा पुढून आत जाते, मग हजाराची जाळी घेतली काय नि काच घेतली काय, सारखंच. सुताराकडून मागचं प्लाय कापून घ्या नाहीतर कॅबिनेट टेबलावर ठेवा. खाली फरशीवर पण नको, झाडू मारताना उडालेली सगळी धूळ त्याच्या पोटात जाते, ठेवायचंच तर चार-सहा इंच उंच स्टँडवर. उन्हाळ्यात खोलीत वाळ्याचा कूलर चालू असेल तर त्याचा झोत थेट कॅबिनेटवर येऊ देऊ नका, त्या हवेत पाण्याचे बारीक थेंब असतात आणि बोअरच्या पाण्याचे क्षार आत बोर्डावर बसतात.

मागच्या बाजूला ग्राफिक्स कार्डाची भोकं झाकणाऱ्या पट्ट्या असतात त्या स्क्रूच्या आहेत का बघा. स्वस्त कॅबिनेटमध्ये त्या पत्र्यातच कापलेल्या असतात, वाकवून तोडायच्या, एकदा तोडली की भोक कायमचं उघडं. त्या भोकातून पाल आत जाते, झुरळं जातात, आणि पाल एसएमपीएसमध्ये शिरून शॉर्ट झालेली मशीनं मी उघडली आहेत. पत्रा बोटाने दाबून बघा, बाजूचं झाकण पापडासारखं लवत असेल तर फॅन सुरू झाला की तो थरथरणार.

वरती यूएसबी टाइप सी असलेलं कॅबिनेट दुकानदार जास्त पैशात देईल, पण त्याचा कनेक्टर तुमच्या बोर्डावर असेल तरच उपयोग, नाहीतर ते पोर्ट नुसतं शोभेला. बोर्डाच्या पेटीवर वाचून घ्या.

अर्थिंगचं विसरू नका. घरात अर्थिंग नसेल तर एसएमपीएसमधल्या फिल्टरच्या कपॅसिटरमुळे कॅबिनेटच्या पत्र्यावर ११० व्होल्टच्या आसपास दाब येतो, करंट अगदी कमी असतो पण स्क्रूला हात लागला की मुंग्या येतात. लोक म्हणतात कॅबिनेट खराब, आणि कॅबिनेट बदलून आणतात. इलेक्ट्रिशियनला बोलवा, त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या, आणि तिसरी पिन काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका.

शक्य असेल तर कॅबिनेट हाताळून घ्या, जळगावातच बघा, किंवा पुण्या-मुंबईला चक्कर असेल तर तपकीर गल्ली नाहीतर लॅमिंग्टन रोड. ऑनलाइन मागवलंत तर पेटी उघडतानाचा व्हिडिओ काढा, काच फुटून येते. घरी आल्यावर बाजूची काच काढली की ती फरशीवर उभी टेकवू नका. टफन काच मधोमध दणका सोसते, पण तिची कड टाइलला नुसती टेकली तरी एका क्षणात चुरा होऊ शकतो. गादीवर किंवा जाड सतरंजीवर आडवी ठेवा.

मॉडेलचं म्हणाल तर कॉर्सेअरचं ४००० डी एअरफ्लो आणि लियान लीचं लॅनकूल २१६ इंटरनेटवर फोटोत नीट बघून ठेवा, तुमच्या बजेटच्या वर आहेत, पण पुढची जाळी कशी असते, फिल्टर कसे निघतात, मागच्या पट्ट्या कशा असतात हे त्यावरून डोळ्यात बसेल आणि मग दुकानात चार-पाच हजारातलं त्याच घडणीचं ओळखता येईल. बोर्डाचं नेमकं मॉडेल आणि टेबलाच्या कप्प्याचं माप इथे लिहा, आणि दुकानदाराकडे काय काय आहे त्याचे फोटो टाका, त्यातलं कुठलं घ्यायचं ते सांगतो.