लॅपटॉप ढिम्म पडला म्हणजे बोर्डच गेला असं नसतं

प्रश्न : केळीच्या गाड्यांचा सगळा हिशोब माझ्या लॅपटॉपवर असतो. मागच्या आठवड्यात भर दुपारी लाईट सारखी डिम-फुल होत होती, मग आमची डीपीच उडाली. लाईट आली तेव्हापासून लॅपटॉप चालूच होत नाहीये, बटण दाबलं तर ना लाईट ना आवाज. दुकानवाला न उघडताच म्हणतो बोर्ड गेला, नवीन घ्या. काय करू?
— एक वाचक, रावेर तालुका

उत्तर : भाऊ, नवीन घ्यायचं सध्या डोक्यातून काढा. न उघडता, मीटर न लावता ज्याला बोर्ड गेलेला कळतो त्याच्याकडे परत जायचं नाही, एवढं पक्कं करा.

लाईटच्या अशा गोंधळात पहिला मार खातो चार्जर, आणि बऱ्याचदा तोच मरतो, लॅपटॉप वाचतो. चार्जरवर बघा, इनपुट १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे डिम लाईटचं त्याला फारसं काही नाही, पण न्यूट्रल (करंट परत नेणारी वायर) तुटला आणि घरात २३० च्या जागी ४०० च्या आसपास व्होल्टेज घुसलं की तो काय करणार. आधी त्याच सॉकेटला मोबाईल चार्ज होतो का ते बघा, हसू नका, बऱ्याच तक्रारी इथेच मिटतात. मग गावातल्या वायरमनकडून मीटर आणा, डीसी २०० व्होल्टवर ठेवा, लाल वायर पिनच्या आत, काळी बाहेरच्या कडेला, दोन्ही एकमेकांना टेकू देऊ नका. चार्जरवर आउटपुट १९.५ लिहिलं असेल तर तेवढंच साधारण दिसायला पाहिजे. टाईप-सी चार्जर असेल तर मात्र मीटरवर विसंबू नका, तो लॅपटॉपशी बोलणं झाल्यावरच २० व्होल्ट सोडतो, नुसता मोजला तर ५ दाखवेल नाहीतर काहीच नाही, आणि तुम्ही चांगला चार्जर फेकून द्याल. कोणाचा चार्जर मागून लावणार असाल तर व्होल्ट आणि पिन तीच पाहिजे, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात, कमी नको.

चार्जर ठीक निघाला तर आता बॅटरी. लॅपटॉप टेबलावर डुगडुगतोय किंवा टचपॅड वर उचललंय असं दिसलं तर बॅटरी फुगलीये, चार्जर लावूच नका, तसाच दुकानात न्या. तसं नसेल तर चार्जर, पेनड्राईव्ह, माऊस सगळं काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर तीही काढा, आणि पॉवरचं बटण चांगलं अर्धा मिनिट दाबून धरा. झटक्यानंतर बोर्डावरची पॉवर सांभाळणारी चिप कधीकधी अडकून बसते, आतला उरलासुरला करंट संपला की ती परत जागेवर येते. मग नुसता चार्जर लावून बटण दाबा. बॅटरी आतच असेल तर काही मॉडेलला खाली रिसेटचं बारीक भोक असतं, त्यात पिन दाबतात.

आणि लॅपटॉप पत्र्याच्या शेडमध्ये असतो का? बऱ्याच कंपन्या ३५ डिग्रीपर्यंतच वापरा असं लिहून देतात आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ होतं, तापलेली बॅटरी चार्ज घ्यायलाच नाही म्हणते. घरात पंख्याखाली तासभर ठेवून बघा. फ्रीजमध्ये ठेवू नका, लोक ठेवतात म्हणून सांगतोय, आत पाणी धरतं.

एवढं करूनही ढिम्मच, तर भुसावळ-जळगावला चिप लेव्हलचं काम करणारा, म्हणजे बोर्डावरचे बारीक पार्ट बदलणारा गाठा आणि त्याला सरळ विचारा की जॅकपासून बोर्डावर व्होल्टेज येतंय का, पुढे ३ आणि ५ व्होल्ट तयार होतात का. मॉसफेट किंवा कपॅसिटर असा एखादा बारीक पार्ट शॉर्ट असतो, तेवढाच बदलून काम होतं, पूर्ण बोर्डाचे पैसे लागत नाहीत.

हिशोबाचं टेन्शन घेऊ नका. एसएसडी, म्हणजे ज्यात तुमच्या फाईली असतात ती, सुटी असेल तर काढून यूएसबी केसिंगमध्ये टाकली की दुसऱ्या लॅपटॉपवर पेनड्राईव्हसारखी उघडते. मात्र विंडोज ११ मध्ये ती लॉक असू शकते, तेव्हा ४८ आकडी रिकव्हरी की लागते. ती बहुतेक तुमच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये असते, मोबाईलवरून लॉगिन करून आत्ताच बघून ठेवा. रिपेअरला देताना एसएसडी काढून घरी ठेवली तरी चालते, बोर्ड तपासायला तिची गरज नसते.

प्रश्न : बटण दाबल्यावर पंखा फिरतो, लाईटही लागते, पण स्क्रीन काळीच.
— एक वाचक, धुळे

उत्तर : ताई, तुमचा केस वेगळा आहे, तुमच्याकडे पॉवर येतीये. दोन मिनिटं थांबून कॅप्स लॉक दाबा, त्याची लाईट लागत-विझत असेल तर लॅपटॉप आतून चालू आहे आणि भानगड डिस्प्लेची. एचडीएमआय वायरने टीव्हीला जोडून बघा, किंवा अंधारात स्क्रीनवर मोबाईलचा टॉर्च तिरपा मारा, पुसट चित्र दिसलं तर बॅकलाईट, म्हणजे स्क्रीनमागचा उजेड गेलाय. कॅप्स लॉकची लाईट बदलतच नसेल तर पहिला संशय रॅमवर, म्हणजे मेमरीच्या पट्टीवर. ती काढून, तिच्या कडेचे सोनेरी पॉईंट खोडरबरने हळूच पुसून, परत खटकन बसेपर्यंत दाबायची, दोन असतील तर एकेक लावून बघायची. लाईट ठराविक वेळा लुकलुकत असेल तर ते मोजून मॉडेलच्या नावासकट दुकानदाराला सांगा, नव्या डेलमध्ये केशरी २ आणि पांढरी ३ म्हणजे रॅम सापडत नाहीये.