लाकडावरची हिरवी मखमल

प्रश्न : माझ्या माशांच्या दोन फुटी टाकीतल्या लाकडावर मऊ हिरवं शेवाळ चढलंय. मला आवडतं, पण घरचे घासून काढा म्हणतात. काय करू?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : लाकडावरचं राहू द्या. पावसाळ्यात चिऱ्यांच्या गडग्यावर चढतो तसाच तो रंग, मलाही फार प्रिय. जपानच्या आकान तलावातले मारिमो नावाचे हिरवे गोळे हेही शेवाळच. १९५२ पासून तिथे त्यांना विशेष नैसर्गिक स्मारकाचा दर्जा आहे.

पानांवर मात्र येऊ देऊ नका. अनुबियाससारख्या सावकाश वाढणाऱ्या झाडाच्या पानावर थर बसला की त्याचा उजेड अडतो. आठवड्याला पाणी बदलताना ती पानं बोटांनी हळूच पुसा. दिवा टायमरवर सहा-सात तासच ठेवा, खिडकीचं ऊन टाळा. लांब तंतू जुन्या टूथब्रशवर गुंडाळून निघतात. तंतू राठ, फांद्या फुटलेले असतील तर ते बहुधा क्लॅडोफोरा नावाचं शेवाळ. जावा मॉस या टाकीत लावायच्या बारीक पाणवनस्पतीमध्ये शिरण्याआधी उपटा, नंतर वेगळं करता येत नाही.

शेवाळनाशक औषध घालू नका. म्हापशाच्या माझ्या टाकीतल्या सगळ्या कोळंब्या एका बाटलीपायी गेल्या. त्यात तांबं होतं. अजून हळहळ वाटते.