फुकट पीडीएफ आणि विकतचं पीडीएफ: एकाच कॉम्प्युटरवर दोन्ही ठेवायचं का?

तुमचं द्राक्ष निर्यातीच्या कागदपत्रांचं ऑफिस नाशिकमध्ये द्वारका भागात आहे. दिंडोरी-निफाडच्या बागायतदारांचे आणि पॅकहाऊसचे कागद जानेवारी ते एप्रिल तुमच्याकडे येतात, उरलेले आठ महिने काम तुरळक असतं. कॉम्प्युटर एकच, त्यावर तुम्ही आणि तुमची सहाय्यक. आता त्यावर अडोबी कंपनीच्या अ‍ॅक्रोबॅटचा, पीडीएफ वाचायचा फुकटचा रीडर आहे. विकतचं अ‍ॅक्रोबॅट प्रो वर्षभरासाठी घ्यावं आणि सहाय्यकेसाठी रीडरही तसाच ठेवावा, असा तुमचा बेत आहे. दोन्ही एकत्र नीट चालतील का आणि पैसे वसूल होतील का, हे तुम्ही विचारलं आहे.

वर्षाचा करार करू नका. हवंच असेल तर हंगामापुरतं, महिना-महिना घ्या.

अ‍ॅक्रोबॅटच्या हल्लीच्या ६४-बिट आवृत्तीत रीडर आणि प्रो हे दोन वेगळे प्रोग्राम नाहीत. प्रोग्राम एकच असतो. सदस्यत्व असलेल्या खात्याने लॉगिन केलं की तो प्रो होतो, सदस्यत्व संपलं की रीडर म्हणून चालतो. त्यामुळे प्रो टाकल्यावर रीडर यादीतून गेला तर काही बिघडलं असं समजू नका आणि तो पुन्हा टाकायच्या मागे लागू नका. जुना ३२-बिट रीडर तसाच ठेवून वर नवं टाकलं की मात्र घोळ होतात: डबल क्लिक केल्यावर भलताच प्रोग्राम उघडतो, फोल्डरमधला प्रिव्ह्यू कोरा दिसतो. म्हणून आधी हेल्प मेनूतल्या अबाउटमध्ये आवृत्ती बघा. जुनी असेल तर सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्समधून काढा, कॉम्प्युटर रीस्टार्ट करा आणि मगच नवं टाका. काढूनही अवशेष राहिले तर अडोबीचं क्लीनर टूल चालवा. शेवटी डिफॉल्ट अ‍ॅप्समध्ये .pdf साठी कोणता प्रोग्राम हवा ते स्वतः ठरवून द्या. प्रो बरोबर ‘अडोबी पीडीएफ’ नावाचा आभासी प्रिंटरही येतो. छापायला दिलेलं बिल कागदावर न येता फाइल सेव्ह करायला विचारू लागलं, तर डिफॉल्ट प्रिंटर बदललेला असतो.

सहाय्यकेसाठी विंडोजचं वेगळं खातं काढा. सदस्यत्व एका व्यक्तीचं असतं. ते दोन कॉम्प्युटरवर चालतं, पण दोन माणसांनी एक लॉगिन वापरणं करारात बसत नाही. तिला वाचायला आणि छापायला सुमात्रा पीडीएफसारखा दुसऱ्या कंपनीचा हलका, फुकट प्रोग्राम पुरतो. त्यात डिजिटल सही मात्र तपासता येत नाही, ते काम अ‍ॅक्रोबॅटमध्येच करायचं.

आता खरी गरज किती, ते बघू. पॅकिंग लिस्ट किंवा इन्व्हॉइस तुमच्याच एक्सेलमधून निघालं असेल, तर चूक मूळ फाइलमध्ये दुरुस्त करून नवी पीडीएफ काढा. त्याला विकतचं काही लागत नाही. फायली जोडायला-तोडायला पीडीएफसॅम बेसिक फुकट आहे. स्कॅनमधला मजकूर ओळखायला नॅप्स२ फुकट आहे आणि त्यात मराठीही घालता येते. एक काळजी घ्याच: डिजिटल सही असलेला रिपोर्ट दुसऱ्या फायलींत जोडला किंवा प्रिंट टू पीडीएफने पुन्हा काढला, तर नव्या फाइलमध्ये ती सही पडताळता येत नाही. मूळ फाइल वेगळीच पाठवा. ग्राहकांचे आधार-पॅन अनोळखी ऑनलाइन साइटवर चढवू नका.

प्रोचा खरा उपयोग दोन ठिकाणी आहे: दोन मसुद्यांतला फरक शोधणं आणि मजकूर कायमचा झाकणं. ट्रान्सपोर्टरला कागद देताना दरावर नुसता काळा चौकोन काढला, तर खालचा आकडा कॉपी करून वाचता येतो. प्रोमधलं रिडॅक्शन तो आकडा फाइलमधूनच काढतं. असं काम रोज पडत असेल तर पैसे खर्चायला हरकत नाही.

हिशोब असा करा. दर बदलतात म्हणून आकडे गृहीत धरतो: महिना-महिना योजनेत दरमहा २,५०० रुपये, वार्षिक करारात दरमहा १,५००. वर्षाचे १८,००० भागिले २,५०० म्हणजे ७.२. वापर सात महिन्यांच्या आत असेल तर महिना-महिना स्वस्त. तुमच्या चार महिन्यांचे १०,००० होतात. ‘वार्षिक घेऊन एप्रिलनंतर बंद करीन’ हा विचार महागात जातो, कारण दरमहा हप्त्याचा वार्षिक करार पहिल्या १४ दिवसांनंतर मोडला तर उरलेल्या रकमेच्या निम्मे भरावे लागतात. चार महिन्यांचे ६,००० आणि उरलेल्या १२,००० चे निम्मे ६,०००, म्हणजे १२,०००. एकदम भरून घ्यायच्या लाइफटाइम अ‍ॅक्रोबॅट २०२० च्या स्वस्त जाहिरातींकडे वळू नका. त्या आवृत्तीचा सपोर्ट २०२५ मध्ये संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट येत नाहीत, आणि तुमच्याकडे तर बाहेरून आलेल्या फायली रोज उघडतात.

सदस्यत्वाच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागतो: १०,००० वर १,८००. तुमची नोंदणी नियमित असेल तर खरेदीआधीच खात्यात जीएसटी नंबर भरा. बिलावर नंबर नसेल तर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट (तुमच्या देण्यातून वजावट) मिळत नाही. कंपोझिशन योजनेत (लहान धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक दराने जीएसटी भरायची योजना) असाल तर ते मिळतच नाही, तेव्हा खर्च ११,८०० धरा. सदस्यत्वाचे पैसे महसुली खर्चात जातात, पण प्राप्तिकर अंदाजित उत्पन्नावर (उलाढालीचा ठरावीक टक्का नफा धरून) भरत असाल तर त्यांची वेगळी वजावट नाही.

सात दिवसांची फुकट चाचणी घ्यायची असेल तर ती जानेवारीत, काम हातात असताना घ्या. चाचणीला कार्ड द्यावं लागतं आणि रद्द केलं नाही तर पैसे कापले जातात. १५,००० रुपयांपर्यंतच्या नियमित कपातीला दर वेळी ओटीपी लागत नाही. बँक २४ तास आधी सूचना पाठवते, ती न वाचता पुसू नका. योजना निवडतानाच ती महिना-महिना आहे की ‘वार्षिक, हप्ता दरमहा’ आहे हे नीट वाचा, कारण पडद्यावर दोन्ही एकाखाली एक दिसतात. एप्रिलचा शेवटचा कंटेनर गेला की पुढच्या कपातीच्या तारखेआधी सदस्यत्व रद्द करा आणि रद्द झाल्याचा ईमेल जपून ठेवा.