तीन पायांच्या कुत्रीवर मुलांसाठी चित्रपुस्तक कसे लिहावे?

वस्तीतल्या तीन पायांच्या कुत्रीवर पाच ते आठ वर्षांच्या मुलांसाठी चित्रपुस्तक लिहायचे आहे, पण ते रडवे किंवा उपदेशाचे होऊ नये, त्यासाठी काय करावे, असे तुम्ही विचारले आहे. मी नागपुरात लहान मुलांना चित्रकला शिकवते आणि गेली सहा वर्षे आमच्या घरी चिंगी नावाची तीन पायांची कुत्री आहे. पिल्लू असताना ती एका वाहनाखाली सापडली आणि तिचा मागचा उजवा पाय काढावा लागला.

चिंगीवर मीही एक पुस्तक रचले होते. इतर कुत्री तिला खेळात घेत नाहीत, मग एका रात्री ती भुंकून चोराला पळवून लावते, दुसऱ्या दिवशी सगळी वस्ती तिला हार घालते आणि कुत्री तिच्याशी खेळू लागतात, अशी ती गोष्ट होती. दुसरीच्या मुलांना मी ती वाचून दाखवली, तेव्हा एका मुलीने विचारले, "चोर आलाच नसता तर तिला खेळायला घेतलं असतं का?" माझ्याकडे उत्तर नव्हते. घरी येऊन मी चोराची सगळी पाने काढून टाकली. एखादा पराक्रम केल्याशिवाय तिला खेळात जागा नाही, हेच मी नकळत सांगत होते.

म्हणून माझा पहिला आग्रह असा की कुत्रीला तिची स्वतःची, पायाशी संबंध नसलेली एखादी इच्छा द्यावी. चिंगीची मे महिन्यातली इच्छा एकच असते: खिडकीतल्या कूलरखाली पाणी ठिबकून ओली झालेली जागा. ती जागा शेजारच्या मांजरीलाही हवी असते. एवढ्यावर पुस्तक उभे राहते. चित्रपुस्तक बहुधा ३२ पानांचे, म्हणजे प्रत्येकी १६ पाने एकत्र छापलेल्या दोन फॉर्मचे असते. शीर्षक वगैरेची पाने सोडली तर समोरासमोरच्या पानांच्या चौदाएक जोड्या उरतात, आणि तेवढ्यात मोठे कथानक कोंबू नये. पाय नसणे या गोष्टीत आपोआप येते. नागपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे गेला की डांबर इतके तापते की चार पायांची कुत्री उभ्या उभ्या एकेक पंजा उचलून घेतात. चिंगीला ते जमत नाही, म्हणून ती आधी कडुनिंबाची सावली, मग उभ्या रिक्षाची, मग कुंपणाची, असा रस्ता ठरवते. तिची ही अक्कल मुलांना चित्रातच दिसते, शब्दांत सांगावी लागत नाही.

चित्रे काढण्यापूर्वी मात्र कुत्रीला बराच वेळ पाहावे. बहुतेक चित्रांत चार पायांचे कुत्रे काढून एक पाय खोडलेला असतो, आणि ते आता पडेल असे वाटते. कुत्र्याच्या वजनाचा सुमारे ६० टक्के भार पुढच्या पायांवर असतो. मागचा एक पाय गेला की उरलेला पाय शरीराच्या मध्यरेषेकडे सरकतो. आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. अशा कुत्र्याला पळणे सोपे आणि हळू चालणे कठीण जाते. आजीबरोबर फाटकापर्यंत जाताना चिंगीची दमछाक होते, पण मांजर दिसली की चिंगी अशी पळते की तिला किती पाय आहेत हे ओळखूही येत नाही. मुलांना हे लगेच पटते, कारण लंगडी घालताना एका जागी थांबणे किती अवघड असते हे त्यांना ठाऊक असते.

"बिचारी" हा शब्द पुस्तकात कुठेही नको. एखाद्या पात्राने तिला "लंगडी" म्हटले तर म्हणू द्यावे, मुले तसे म्हणतातच. फक्त लेखकाने तिला तिच्या नावाने हाक मारावी. पाय कसा गेला हे मुले विचारतीलच, तेव्हा एक सरळ वाक्य पुरे, अपघाताचे चित्र नको. शेवटी कृत्रिम पाय बसवून सारे ठीकही करू नये. तुमच्या गोष्टीतल्या कुत्रीचे मागचे दोन्ही पाय लुळे असतील आणि ती चाकांच्या गाडीवर फिरत असेल, तर गाडीत असताना तिला आडवे पडता येत नाही, झोपण्यासाठी कोणीतरी तिला त्यातून सोडवावे लागते, हे विसरू नये. कच्चा मसुदा नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरील पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एखाद्या डॉक्टरांना दाखवता आला तर अशा चुका आधीच सापडतील.

माझ्या नव्या पुस्तकाच्या शेवटच्या पानावर शब्द नाहीत. उजव्या कानामागे खाज सुटली की चिंगीचा नसलेला पाय अजूनही खाजवू लागतो. मांडीचा उरलेला भाग भराभर हलतो आणि कानापर्यंत काहीच पोहोचत नाही. चित्रात कूलरखालच्या ओल्या फरशीवर ती आणि मांजर दोघी पसरल्या आहेत, तो भाग हलतो आहे, आणि खिडकीतून एका मुलीचा हात तिच्या कानामागे आला आहे.