ओतीव गोळ्यांची रायफल किती वेळा साफ करावी?

प्रश्न : माझ्याकडे .३०-३० कडतुसाची मार्लिन ३३६ ही लिव्हरची रायफल आहे. शिशाच्या गोळ्या घरीच ओततो, मधमाशीचं मेण आणि अलॉक्स (मेणासारखं वंगणद्रव्य) यांचं निम्मं-निम्मं वंगण लावतो. रेंजवरून आल्यावर दरवेळी ब्राँझच्या ब्रशने नळी लख्ख करून तेल लावतो. तरी पुढच्या खेपेला पहिल्या काही गोळ्या भरकटतात. साफसफाई कमी पडते का? – एक वाचक, ओहायो

उत्तर : कमी नाही, जास्त होते आहे. ओतीव गोळी जाताना वंगणाचा पातळ थर मागे ठेवते आणि पुढची गोळी त्याच थरावरून सरकते. तो तुम्ही दरवेळी खरवडून काढता, वर तेल फासता. थर पुन्हा बसेपर्यंत नेम हलणारच. धूररहित दारू आणि न गंजवणारे प्रायमर (कडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी) वापरत असाल, तर नळीला रोज हात लावू नका. मी चेंबर आणि बोल्ट तेवढे पुसते. तेल लावून ठेवलेली रायफल असेल, तर पहिली गोळी झाडण्याआधी नळीतून कोरडी चिंधी मात्र फिरवते. काळी दारू किंवा जुनी लष्करी गंजवणारी कडतुसं असतील, तर त्याच दिवशी गरम पाण्याने धुवायचं, तिथे सवलत नाही.

ब्रश काढायचा तो लक्ष्यावरच्या छिद्रांचा गट फाकू लागला की. पण आधी नळीत उजेड टाकून शिसं कुठे चिकटलंय ते बघा, कारण खरी माहिती तिथेच आहे. करड्या रेघा चेंबरच्या पुढ्यातच असतील, तर बहुधा गोळी नळीला बारीक पडते आणि गरम वायू कडेने घुसून तिला झिजवतो. रेघा तोंडाकडे असतील, तर वंगण वाटेतच संपतंय. दोन्हींवर ब्रश हा इलाज नव्हेच! मऊ शिशाचा तुकडा नळीतून ठोकत पार करा, मायक्रोमीटरने मोजा आणि गोळी त्याहून एक-दोन सहस्रांश इंच जाड ठेवा. मार्लिनच्या मायक्रो-ग्रूव्ह नळीचे चर उथळ असतात, तिथे बारीक गोळी मुळीच चालत नाही.

चिकटलेलं शिसं काढायला भांडी घासायच्या तांब्याच्या काथ्याचे धागे जुन्या ब्रशवर गुंडाळा. त्याला लोहचुंबक चिकटला, तर आत पोलाद आहे, तो वापरू नका. पूर्वी तांब्याच्या आवरणाच्या गोळ्या झाडल्या असतील, तर ते तांबं एकदा सॉल्व्हंटने पूर्ण काढा.

आणि साफसफाईचा गज नळीच्या तोंडाकडून घालू नका, कडा झिजली की नेम गेला. चेंबर आणि मॅगझिनची नळी रिकामी असल्याची खात्री करा. मग लिव्हरचा स्क्रू काढला की लिव्हर आणि बोल्ट बाहेर येतात आणि मागून सरळ वाट मिळते. वापरलेल्या चिंध्यांत शिसं असतं, मुलांच्या हाती लागू देऊ नका, आपलेही हात साबणाने धुवा.

नळीचं माप आणि रेघा कुठे दिसल्या ते कळवा. साचा बदलायचा की वंगण, ते त्यावरून सांगते.