अंमली, ‘अम्ली’ आणि अंमलबजावणी

शिरपूरच्या एका शिक्षकांचा प्रश्न आहे : वादविवाद स्पर्धेच्या विषयात ‘अमली पदार्थ’ लिहावे की ‘अंमली’? आणि ‘पोर्तुगालने हे पदार्थ कायदेशीर केले’ हे वाक्य चालेल का?

वाक्य अजिबात चालणार नाही. व्याख्यानांतून ते ऐकून कान किटले आहेत. पोर्तुगालने २००१ पासून एवढेच केले, की स्वतःपुरता, दहा दिवस पुरेल इतका साठा जवळ बाळगणे फौजदारी गुन्ह्यांतून काढले. माल जप्त होतोच, माणसाला समितीपुढे उभे राहावे लागते आणि विकणारा आजही तुरुंगात जातो. याला ‘गुन्हामुक्त करणे’ म्हणा. मध्य प्रदेशातल्या मंदसौर-नीमचचा शेतकरी सरकारी परवान्यावर अफू पिकवतो, ते कायदेशीर. आपल्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशीत दडवून लावलेला गांजा बेकायदेशीर. फरक इतका साधा आहे.

आता शब्द. ‘अम्ल’ म्हणजे आंबट, आंबवलेले, म्हणून ‘अम्ली’, अशी व्युत्पत्ती काही जाणकार छातीठोकपणे देतात. गांजा कोण आंबवतो? शब्द अरबी आहे : ‘अमल’, म्हणजे काम, कृती. फारसीतून आपल्या दफ्तरांत आला तो सत्ता होऊन. १८१८ साली खानदेशावर इंग्रजांचा अंमल बसला, तोच हा. अंमलदार त्यातला, अंमलबजावणीही त्यातलीच. तिच्यातल्या ‘बजावणी’चा वाजवण्याशी काडीचा संबंध नाही, फारसी ‘बजा आवर्दन’, म्हणजे पार पाडणे, हे तिचे मूळ. म्हणजे पोलीस करतात ती अंमलबजावणी आणि ते पकडतात तो अंमली पदार्थ, दोन्ही एकाच धातूचे!

कृतीवरून ‘परिणाम’ आणि परिणामावरून ‘नशा’, अशी शिडी काही अभ्यासक लावतात. मला ती मुळीच पटत नाही. मराठीपुरते तरी माझे ठाम मत असे, की नशेचा अर्थ सत्तेच्या अर्थातूनच फुटला. राजाचा अंमल बसतो तसा अफूचाही बसतो, आणि दोन्हीकडे माणूस दुसऱ्याच्या हुकमात जातो. राजस्थानीत तर अफूलाच ‘अमल’ म्हणतात. अनुस्वार आपल्या उच्चारात आहे, तेव्हा ‘अंमली’ लिहा.

स्पर्धेतल्या मुलांना आणखी एक सांगा. आपल्या १९८५च्या एनडीपीएस, म्हणजे अंमली पदार्थविरोधी, कायद्यात नुसत्या सेवनालाही कैद आहे, पण स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला सेवनाच्या किंवा अल्प साठ्याच्या खटल्यातून सूट देणारे ६४-अ हे कलमही आहे. बंदीच्या दोन्ही बाजूंनी बोलणाऱ्यांनी ते आधी वाचावे. पोर्तुगालपर्यंत जायची गरज त्यानंतर.