दारू सोडायचीय, पण कुणाला किती सांगू?

प्रश्न : वय ३१, पिंपळे सौदागरला एकटाच राहतो. रोज एक क्वार्टर, शनिवारी हाफ. हल्ली सकाळी हात थरथरतात, म्हणून ऑफिसला निघण्याआधी थोडी घ्यावीच लागते. मी गे आहे. जोडीदाराला माहीत आहे, सांगलीला आईबाबांना नाही. व्यसनमुक्ती केंद्रात घरच्यांना बोलावतात म्हणे. त्यापेक्षा आठवडाभर सुट्टी टाकून घरीच बंद केली तर?

उत्तर : सुट्टी टाका, पण घरी एकट्याने बंद करू नका. सकाळी ‘थोडी’ लागते याचाच अर्थ शरीर दारूवर अवलंबून आहे. क्वार्टर म्हणजे १८० मिली; ४२.८ टक्क्यांच्या हिशेबाने जवळपास ६० ग्रॅम निव्वळ अल्कोहोल. ते एकदम तोडलं की शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांतच थरथर, घाम, मळमळ सुरू होते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. खरा धोका ४८ ते ९६ तासांच्या दरम्यान: भिंतीवर किडे दिसतात, आपण कुठे आहोत ते कळत नाही, ताप चढतो. यात माणूस दगावूही शकतो. म्हणून ‘दोन दिवस काढले, आता सुटलो’ हा समज फसवा आहे. फिट किंवा भ्रम दिसला तर लगेच १०८.

मानसोपचारतज्ज्ञ या दिवसांत उतरत्या मात्रेत गोळ्या देतात. त्या मेडिकलमधून मनाने आणू नयेत, आणि त्यावर दारू तर मुळीच नको. दोन्ही मिळून श्वास मंदावतो. गल्लीतल्या दवाखान्यात ‘ताकद येईल’ म्हणून ग्लुकोजची सलाइन लावायला निघाले, तर आधी थायामिनचं इंजेक्शन दिलं का, हे स्पष्ट विचारा. रोज पिणाऱ्याच्या शरीरात हे ब-१ जीवनसत्त्व कमी असतं. ते न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

आता घरच्यांचं. २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या व्याख्येत दारू आणि ड्रग्जच्या गैरवापरातून आलेल्या अवस्थाही येतात. त्याच्या कलम १४ प्रमाणे तुम्ही साध्या कागदावर लिहून, खाली सही करून आपला प्रतिनिधी नेमू शकता. तो रक्ताच्या नात्यातलाच हवा असं नाही. जोडीदाराचं नाव लिहा आणि कागद दाखल होतानाच द्या, कारण नेमणूक नसेल तर साहजिकच नातेवाइकांकडे बघितलं जातं. कलम २३ गोपनीयतेचं आहे. लैंगिक कलावरून उपचारांत भेदभाव करायचा नाही, हे कलम १८ मध्ये. तरी कायद्यावर विसंबून थेट बॅग भरू नका. येरवड्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून काम करतंय आणि तिथला निवासी उपचार ३५ दिवसांचा आहे. तिथे किंवा अन्य कुठेही जायच्या आधी फोनवर दोन गोष्टी विचारा: कुटुंबाच्या सत्राला जोडीदार आला तर चालेल का, आणि आईबाबांना फोन केला तर काय सांगणार. चौकशीसाठी १४४४६ ही राष्ट्रीय हेल्पलाइन मोफत आहे.

गटात, खोलीतल्या सोबत्यांना गे असल्याचं सांगायची काहीच सक्ती नाही. समुपदेशकाला मात्र सांगा. पुन्हा घसरू नये म्हणून जी योजना आखतात, ती तुमच्या खऱ्या दिवसावर आखायला हवी. अॅपवर ठरलेल्या भेटीआधी धीर यावा म्हणून घेतलेला पेग, किंवा आईने ‘चांगलं स्थळ आलंय’ म्हणून केलेल्या फोननंतरची क्वार्टर, हे वहीत आलं नाही तर ती योजना दुसऱ्याच कुणाची तरी होते. आणि तुमच्या गे असण्याबद्दल समुपदेशक ‘तेही बरं करू’ म्हणाला तर उठून या. असले ‘उपचार’ करणं हे डॉक्टरांसाठी व्यावसायिक गैरवर्तन आहे, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये कळवलं आहे.

प्रश्न : माझा जोडीदार पितो आणि डॉक्टरकडे यायला तयार नाही. दारू सोडवायची गोळी चहातून दिली तर कळणार नाही, असं एकीने सुचवलं.

उत्तर : देऊ नका. जाहिरातीतली ‘पावडर’ही नको; तिच्यात काय आहे ते कुणालाच माहीत नसतं. दारू सोडवायची गोळी म्हणजे बहुधा डायसल्फिराम; ती घेतलेल्याच्या पोटात दारू गेली की चेहरा लाल होतो, छातीत धडधडतं, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असेल तर जीवावर बेततं. शेवटच्या दारूनंतर निदान १२ तास गेल्याशिवाय ती सुरूही करत नाहीत आणि बंद केल्यावर दोन आठवड्यांपर्यंत परिणाम राहू शकतो. ज्याला माहीतच नाही, तो अल्कोहोल असलेलं खोकल्याचं औषध तरी कसं टाळणार? तुम्ही मात्र अल-अॅनॉनच्या सभेला जा. ती पिणाऱ्याच्या जवळच्यांसाठी असते, तो आला नाही तरी चालतं.

प्रश्न : मी लेस्बियन आहे. एएमध्ये (अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचे आपसातले गट) बाईने बाईच स्पॉन्सर, म्हणजे आधी दारू सोडलेली मार्गदर्शक, घ्यावी, असं सांगतात. मग मी काय करू?

उत्तर : तो नियम नाही, सूचना आहे. पहिल्या नाजूक महिन्यांत स्पॉन्सरशीच गुंतागुंत होऊ नये, एवढाच तिचा हेतू. तुमच्या बाबतीत तो साधायचा तर बराच काळ दारूपासून दूर राहिलेलं आणि वयाने मोठं असं कुणी निवडा, ज्यांच्याकडे तुम्ही ओढल्या जाणार नाही. पुरुष असला तरी हरकत नाही. सदस्यत्वाची अट एकच, पिणं थांबवण्याची इच्छा. अमेरिकेत समलिंगींचे एए गट गेली अनेक दशकं आहेत आणि असे ऑनलाइन गटही सापडतात. पण त्या वेळा आपल्याकडे आडनिड्या पडतात, म्हणून जवळची सभा सोडू नका. ‘ओपन’ सभेला कुणीही येतं, ‘क्लोज्ड’ला फक्त पिण्याची अडचण असलेलेच, ओळखीचं कुणी भेटेल ही धास्ती असेल तर क्लोज्डने सुरुवात करा. बोलायची पाळी आली तर ‘आज फक्त ऐकते’ एवढं पुरतं.